कन्हानच्या काठावरची राखड

बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या सुलतानपुरात कोराडी म्हटलं की हिवरा आश्रमाजवळचं धरण डोळ्यांसमोर येतं. समृद्धी महामार्गाने नागपूर गाठलं की दुसरी कोराडी भेटते. ही शहराच्या उत्तरेची, जगदंबेच्या देवळाची आणि आभाळात घुसलेल्या चिमण्यांची. आपल्या शेतातली मोटार ज्या जाळ्यावर चालते, त्यात या कोराडीची आणि शेजारच्या खापरखेड्याची वीज मिसळलेली असते. वीज तारेवरून निघून जाते, राख मात्र तिथेच राहते. त्या राखेचं पुढे काय होतं ते पाहायचं, तर कन्हान नदीच्या काठाने फिरावं लागतं.

कन्हान मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडून येते. खापरखेड्याजवळ बिना गावाशी तिला कोलार मिळते. संगमावर देवळं आहेत, सणावाराला स्नानाची गर्दी असते, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाळूत डांगरवाड्या लागतात. तिथून नदी कामठीकडे वळते. कामठीच्या अलीकडे नागपूर महापालिकेचं पाणी उपसण्याचं ठिकाण आणि जलशुद्धीकरण केंद्र आहे. त्याची क्षमता दिवसाला 24 कोटी लिटर. उत्तर आणि पूर्व नागपूरचे नळ मुख्यतः या पाण्यावर चालतात, आणि कामठीही याच नदीचं पाणी पिते. म्हणजे वीजकेंद्रं आणि त्यांची राखेची तळी नदीच्या वरच्या अंगाला, आणि लाखो माणसांचं पिण्याचं पाणी खालच्या अंगाला. या भागाचा सगळा प्रश्न या मांडणीतून उभा राहतो.

कोराडीतला पहिला संच 1974 साली सुरू झाला. आज तिथे 660 मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. खापरखेड्यात 210 मेगावॅटचे चार आणि 500 मेगावॅटचा एक, मिळून 1340 मेगावॅट. दोन्ही केंद्रं महानिर्मितीची, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीची. आपल्याकडच्या दगडी कोळशात राखेचं प्रमाण फार मोठं असतं. शंभर टन कोळसा जाळला तर पस्तीस-चाळीस टन राख उरते. तिच्यातली बहुतेक राख पिठाइतकी बारीक असते आणि धुराबरोबर वर जायला निघते. चिमणीच्या आधी विजेच्या भाराने ती पकडली जाते, म्हणून पूर्वीसारखी ती गावांवर पडत नाही. पकडलेली राख टाकायची कुठे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

त्याचं जुनं उत्तर म्हणजे राखेत आठ-दहा पट पाणी मिसळायचं, तो रबडा पाइपातून काही किलोमीटर लांब न्यायचा आणि मातीच्या बांधांनी घेरलेल्या तळ्यात सोडायचा. कोराडीची राख खसाळ्याच्या तळ्यात जाते, खापरखेड्याची वारेगावच्या. नागपूरकडे या राखेला राखड म्हणतात आणि तळ्याला राखड बंधारा. तळं भरत आलं की बांध आणखी उंच करतात. वर्षानुवर्षं असं करत गेल्यावर तळ्याची टेकडी होते. वारेगावजवळून जाताना जो करडा उंचवटा दिसतो तो निसर्गाने घडवलेला नाही. उन्हाळ्यात त्याची वाळलेली साय वाऱ्यावर उडते आणि घरात, पिकावर, दोरीवरच्या कपड्यांवर बसते. पावसाळ्यात सांडव्यावरचं पाणी नाल्याला लागतं, नाला नदीला. तळाला जिथे अस्तर नाही, तिथे पाणी जमिनीत मुरून विहिरींकडे सरकतं. या मुरण्याचा आवाज होत नाही, बातमीही होत नाही, आणि त्याची काळजी मला बांध फुटण्यापेक्षा जास्त वाटते.

बांध फुटलाही. 16 जुलै 2022 रोजी मुसळधार पावसात खसाळ्याच्या तळ्याचा बांध खचला. राखेचा लोंढा खसाळा, म्हसाळा, कवठा या गावांच्या शिवारात शिरला, शेतं करड्या चिखलाखाली गेली, आणि नाल्यांतून तो कोलार-कन्हानच्या पाण्यात उतरला. आधीच्या वर्षांतही नदीत राख आल्याने कन्हान केंद्राचा उपसा कमी करावा लागला होता, पूर्व आणि उत्तर नागपूरच्या वस्त्यांना कमी दाबाचं पाणी मिळालं होतं. टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला आपला नळ कोरडा का, याचं कारण वीस किलोमीटरच्या आत असलेल्या एका बांधात आहे, हे कोणी सांगत नाही.

शुद्धीकरण केंद्रात पाणी साफ होतंच, मग काळजी कशाची, असं विचारलं जातं. या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं. केंद्रात तुरटी टाकतात, तिने गढूळपणा तळाला बसतो. मग वाळूच्या थरातून गाळणं होतं, शेवटी जंतू मारायला क्लोरिन. पाण्यात तरंगणारे राखेचे कण या वाटेत अडकतात. पण राख पाण्यात राहिली की तिच्यातली काही द्रव्यं पाण्यात विरघळतात. आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम, लिथियम ही त्यांतली काही. विरघळलेल्या अशा द्रव्यांसाठी तुरटी आणि वाळू हा पुरेसा इलाज नाही. म्हणून पाणी नितळ दिसलं तरी ते निर्धोक आहे, असं म्हणता येत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते, आणि ती नेहमीच्या गढूळपणाच्या मोजणीत येत नाही.

अशी तपासणी नागपुरात काही संस्थांनी केली. सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट, मंथन अध्ययन केंद्र आणि असर यांनी या दोन वीजकेंद्रांच्या परिसराचा अभ्यास नोव्हेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध केला. आजूबाजूच्या गावांतल्या नद्या, विहिरी आणि राख यांच्या नमुन्यांत पारा, आर्सेनिक, ॲल्युमिनियम, लिथियम यांचं प्रदूषण आढळलं. त्याच सुमारास पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावला खापरखेड्याची राख सोडायला सुरुवात झाली होती. गावकऱ्यांनी आवाज उठवला, फेब्रुवारी 2022 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथे आले, आणि नांदगावात राख टाकणं थांबवण्यात आलं. सरकारी कागद हलू शकतो, हे नांदगावने दाखवून दिलं.

इलाज आहेत, आणि ते काही नवे नाहीत. पहिला म्हणजे राखेत पाणी घालायचंच नाही. कोरडी राख थेट सायलोत साठवून सिमेंट कारखान्याला, वीटभट्टीला, रस्त्याच्या भरावाला द्यायची. राख वापरण्याचा केंद्र सरकारचा पहिला आदेश 14 सप्टेंबर 1999 चा आहे. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने शंभर टक्के राख वापरणं बंधनकारक केलं, न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपयांची भरपाई लावली, आणि तळ्यांत साचलेली जुनी राख दहा वर्षांत उपसायला सांगितली. जिथे कोरडी राख उचलली जात नाही तिथे घट्ट मिश्रण करून टाकता येतं, त्याला पाणी फार कमी लागतं. तळ्यावर नितळलेलं पाणी नाल्यात न सोडता पंपाने पुन्हा केंद्रात आणता येतं. हे पंप बहुतेक ठिकाणी बसवलेले असतात, ते बाराही महिने चालतात का हे पाहणारा माणूस मात्र लागतो. ती तपासणी कागदावर होऊन चालणार नाही, पावसाच्या रात्री बांधावर जाऊन व्हायला हवी.

पाण्याच्या दुसऱ्या बाजूला नागपूरने खरोखर मोठं काम केलं आहे, आणि त्याचं कौतुक मोकळ्या मनाने करायला हवं. 2015 च्या नियमाप्रमाणे जुन्या औष्णिक केंद्राने युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. कोराडीचे तीन मोठे संच पूर्ण क्षमतेने चालले, तर ही मर्यादा पाळूनही दिवसाला सोळा कोटी लिटरहून जास्त पाणी खर्च होईल. हे पाणी पेंच धरणाचं असतं तर ते पिण्याच्या आणि सिंचनाच्या वाट्यातून गेलं असतं. नागपूर महापालिका आणि महानिर्मिती यांनी भांडेवाडीला दिवसाला 13 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र उभारलं आणि ते पाणी पाइपाने कोराडीच्या शीतकरणाला दिलं. पुढे आणखी मोठं केंद्रही झालं. नाग नदीतून वैनगंगेकडे जाणारी तेवढी घाण कमी झाली आणि धरणातलं तेवढं पाणी वाचलं. सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीजकेंद्रांनी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरावं, असं देशाचं वीजदर धोरण 2016 मध्ये म्हणू लागलं. नागपूरची तयारी त्याआधीची आहे.

आता चिमणीच्या धुरातला गंधक काढण्याची यंत्रणाही बसवायची आहे. हवेसाठी ती हवीच. पण चुनखडीच्या पाण्याने धूर धुण्याची पद्धत घेतली तर त्यातून वेगळं सांडपाणी निघतं. अमेरिकेत याचा अनुभव आला. कोळशातलं ब्रोमाइड त्या पाण्याबरोबर नदीत गेलं, आणि खालच्या गावांत क्लोरिन टाकताच त्याच्यापासून घातक संयुगं तयार होऊ लागली. तिथल्या पर्यावरण संस्थेने 2015 मध्ये वीजकेंद्रांच्या सांडपाण्यावर कडक मर्यादा घातल्या. कोराडीत हवेतून काढलेलं विष पाण्यात उतरू नये, याची सोय यंत्रणा बसवतानाच करता येईल. मागाहून ती महागात पडते.

बुलढाणा जिल्ह्याला हा प्रश्न लांबचा नाही. पारसचं केंद्र अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यात आहे, 250 मेगावॅटचे दोन संच. त्याला पाणी देणारी मन नदी आपल्या खामगाव तालुक्यातून वाहत जाते आणि पुढे पूर्णेला मिळते. तिथल्या राखेच्या तळ्याखालच्या विहिरींचं पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, जड धातूंसाठी तपासून त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावेत, अशी मागणी पारसच्या आसपासच्या गावांना आजही करता येईल. कन्हानवर तर त्याहून सोपं आहे. बिना संगमाच्या वर एक आणि महापालिकेच्या उपशाजवळ एक, अशा दोन ठिकाणी रोजची मोजणी करून ती त्याच दिवशी जाहीर केली, तर वारेगाव आणि खसाळ्याच्या बांधांतून काय सुटलं ते नळाला पाणी येण्याआधी कळेल.