लोहार, सुरी आणि संग्राहक

बार्शीटाकळीच्या बाजारात विळा घेताना आपण खुशाल घासाघीस करतो. लोहार पुढेही भेटणार असतो. संग्राहकाचे गणित निराळे. अमेरिकेतील बॉब लव्हलेस यांच्या हातच्या सुरीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्याला धीर नसे तो दुसऱ्या संग्राहकाला जादा पैसे मोजी. म्हणजे ती किंमत पोलादाची नव्हे, वाचलेल्या प्रतीक्षेची! २०१० साली लव्हलेस वारले आणि नवी सुरी मिळणेच संपले. नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे काढीत. २००१ साली ते निवर्तले. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. मात्र नुसती दुर्मिळता पुरत नाही, कर्त्याची ओळख पटावी लागते. आपल्या लोहाराच्या विळ्यावर नावच नसते.