तळ्याची पाळ कोणी बांधली?



माजरीचे नाव निघाले की कोळशाच्या खाणी आणि रेल्वेचे जंक्शन आठवते. पण माजरीहून पूर्वेला मूल, सिंदेवाही, नागभीडकडे निघा. कपाशीची काळी राने मागे पडतात, धानाच्या बांध्या सुरू होतात आणि गावागावाला तळे दिसू लागते. ही तळी कोणाच्या काळातली, असे शाळेतल्या मुलाला विचारून पाहा. ‘इंग्रजांच्या,’ असे उत्तर बहुधा येईल. काही मोठे तलाव इंग्रजी अमलात झाले हे खरे. पण गावोगावच्या जुन्या तळ्यांपैकी पुष्कळांचे मूळ त्याआधीच्या गोंड राजवटीत आहे.

चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. त्याआधी ती बल्लारपूरला होती. चंद्रपूरचा परकोट आणि जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर ही चार दारे आजही उभी आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी राणी हिराईने येथे कारभार पाहिला. १७५१ साली हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले.

पण राजवाड्यापेक्षा आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. राजा हिरशहाच्या नावाने परंपरा सांगते, की जो जंगल तोडून शेत काढील त्याला ती जमीन मिळे, आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन मिळे. यातले शहाणपण पाहा. पाळ भक्कम ठेवली तर जमीन भिजणार, आणि भिजली तरच तिचा उपयोग. मग पाळीकडे दुर्लक्ष कोण करील? तळी खोदण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. त्यांना राजाश्रय गोंडांचा. आदिवासी राजा आणि शेतकरी कारागीर यांनी मिळून हा धानाचा मुलूख घडवला.

धान निसवताना पाऊस दडी मारतो, हे आपण जाणताच. त्या वेळी तळ्याचे एक पाणी मिळाले तर लोंबी भरते. नाही मिळाले तर पळंज हाती येते. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या हिशेबावर आजही आपले पोट चालते.

स्वातंत्र्यासाठी प्राण

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होऊन हा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी जंगोम सेना उभारली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. इंग्रजांच्या फौजेशी त्यांनी अनेक झुंजी दिल्या. अखेर बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस. झाशीच्या राणीची गोष्ट आपण लेकरांना सांगतो, तशी हीही सांगायला हवी.

पुढे इंग्रजांनी वन कायदे केले. ज्यांनी जंगल राखले, त्यांनाच काडी-काटकीसाठी परवानगी मागावी लागली. आपल्या संसदेने २००६ साली वनहक्क कायदा केला, तेव्हा हा ‘ऐतिहासिक अन्याय’ असल्याचे कायद्यातच लिहून मान्य केले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्याच हाती आला. त्या गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. देशातल्या अनेक ग्रामसभांनी या गावाकडून धडा घेतला.

आता आपले काम

मालगुजारी गेल्यावर तळी सरकारजमा झाली आणि अनेक ठिकाणी ‘सरकारचे तळे’ म्हणून गावाने हात काढून घेतला. गाळ साचला, पाळी खचल्या, कुठे तळ्याच्या पोटातच अतिक्रमण झाले. म्हणून एवढे करा. येत्या ग्रामसभेत तळ्याचा विषय घ्या. उन्हाळ्यात पाळीवरची झुडपे काढा, कारण मुळांच्या वाटेने पाणी झिरपून पाळ फुटते. सांडवा मोकळा ठेवा. परवानगी घेऊन गाळ काढा आणि हलक्या रानात पसरा.

आणि गावातल्या गोंड, माडिया म्हाताऱ्यांना बोलावून तळ्याची माहिती विचारा, वहीत उतरवून ठेवा. आदिवासींना ‘मागासलेले’ म्हणणाऱ्याने आपल्या ताटातला भात कोणाच्या पाण्यावर पिकला, हे आधी पाहावे.