स्फोटात अनेक जखमी: आधी कोणाला नेतात?

वाशी तालुक्यातील तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. अशा ठिकाणी स्फोटात अनेक जण जखमी झाले, तर प्रत्येकाने वेगळा हुकूम सोडून चालत नाही. आत केव्हा जायचे हे अग्निशमन दलाचा प्रमुख ठरवतो. आधी कोणाला न्यायचे हे वैद्यकीय पथकाचा प्रमुख.

रुग्णांना रंगाची पट्टी बांधतात:

लाल: जिवाला धोका, तातडीने उपचार
पिवळी: गंभीर, पण थोडे थांबू शकणारे
हिरवी: चालू शकणारे
काळी: मृत किंवा वाचण्याची शक्यता नसलेले

ओरडणाऱ्याच्या आधी निपचित पडलेल्याला नेले, तर वाद घालू नका. तुमच्या रुग्णाला थांबवले म्हणजे दुर्लक्ष केले असे नाही. गुंगी किंवा धाप वाढली, तर लगेच पथकाला सांगा. पट्टी बदलता येते.

१०८ ला एकानेच फोन करून ठिकाण आणि जखमींची संख्या सांगा. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट लावू नका.