एकच संच की जुळवाजुळव?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आणि शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकमेकांच्या आसपास आहेत. अशा कुठल्याही मोठ्या संस्थेत प्रवेश, परीक्षा, पगार, लेखा यांची सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या निविदांतून येतात. मग प्रश्न पडतो: आहेत ती जोडून घ्यायची, की सगळं मोडून एकच संच बसवायचा?

जोडणीचा मोठा धडा मराठवाड्याने बँकेत पाहिला. निजामाच्या काळात १९४१ च्या कायद्याने उभी राहिलेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. नांदेड-लातूरकडे पिढ्यान् पिढ्या खाती तिच्यातच. १ एप्रिल २०१७ ला ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. दोन्ही बँकांचं कोअर बँकिंग आधीपासून टीसीएसच्या ‘बँक्स’वर होतं. आयएफएससीत ‘एसबीएचवाय’च्या जागी ‘एसबीआयएन’ आलं; बहुतेक शाखांचे पुढचे आकडे तेच राहिले. एकाच सॉफ्टवेअरची आणि एकमेकांशी न भिडणाऱ्या आकड्यांची ही सोय विलीनीकरणाच्या आधीच करून ठेवलेली होती.

३० ऑगस्ट २०१९ ला दहा सरकारी बँकांच्या चार करण्याची घोषणा झाली, तेव्हाही जोड्या सॉफ्टवेअर पाहून लावलेल्या दिसतात. पंजाब नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड तिन्ही ‘फिनॅकल’ या कोअर बँकिंग सॉफ्टवेअरवर, इंडियन आणि अलाहाबाद ‘बँक्स’वर. तरी नुसत्या नावाच्या सारखेपणाने भागत नाही. बँक ऑफ बडोदा, विजया आणि देना तिन्ही ‘फिनॅकल’वरच होत्या. विलीनीकरण एप्रिल २०१९ मध्ये झालं, पण शेवटच्या शाखांचं मायग्रेशन संपायला डिसेंबर २०२० उजाडलं. नाव एकच असलं तरी आवृत्ती, व्याजाचे नियम, ग्राहकाचे क्रमांक वेगळे असू शकतात.

विद्यापीठांपुढे आता दुसरा पर्याय आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा, दिल्ली विद्यापीठात घडलेला ‘समर्थ’ हा संच. प्रवेशापासून निवृत्तिवेतनापर्यंत चाळीसहून अधिक मॉड्यूल त्यात आहेत आणि महाराष्ट्रातली विद्यापीठंही तिकडे वळली आहेत. फायदा उघड आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर बहुधा शेवटी. प्रवेशाच्या सॉफ्टवेअरने एक घेतलं आणि परीक्षेच्या सॉफ्टवेअरने दुसरं, की एकाच मुलीच्या दोन विद्यार्थिनी होतात आणि शिष्यवृत्ती अडकते. एका संचात नोंद एकदाच होते.

पण संच म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत. सर्व्हर डाऊन झाला की प्रवेशही थांबतो आणि पगारही. शिवाय घाई नडते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची संगणकावरची तपासणी एका दमात सगळ्या शाखांना लावली. निकाल महिनोन् महिने लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं.

म्हणून मध्यम मार्गच बरा. माणसाची मूळ नोंद आणि पैशाचा हिशेब एकाच ठिकाणी असावा. ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा यांची सॉफ्टवेअरं वेगळी राहिली तरी चालतील, मात्र त्यांनी तोच क्रमांक वापरावा. बदल एकेका विभागाने करावा आणि जुनी यंत्रणा निदान एक सत्र सोबत चालू ठेवावी. आणि करारावर सही करणाऱ्यांनी एक कलम आधी वाचावं: उद्या आम्ही सोडून जायचं ठरवलं, तर आमचा सगळा डेटा वाचता येईल अशा रूपात, किती दिवसांत परत देणार? त्याचं उत्तर लेखी मिळत नसेल, तर सही करू नये.