आधी गाडी शांत करा, मग स्पीकर बसवा

घरात सेकंडहँड गाडी आली की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. घरातल्या बाया गाडीला हार घालतात आणि तरुण मुलगा म्हणतो, "आता मोठे स्पीकर बसवू या." हौस असावी. आठवडाभर राबणाऱ्या माणसाने प्रवासात चार गाणी ऐकली तर बिघडले कुठे? पण ही हौस कोणत्या क्रमाने करावी हे माहीत नसल्यामुळे पैसे जातात, कान जातात आणि कधीकधी गाडीही जळते. म्हणून हा लेखनप्रपंच.

उदाहरण आपल्या माहितीतले घेऊ. मारुतीची ओम्नी व्हॅन १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. तरीही जुन्या ओम्नी आपल्याकडे अजून धावतात. कोणी त्यात मालाची ने-आण करतो, कोणी सारे कुटुंब घेऊन गावी जातो. या गाडीचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. म्हणजे ड्रायव्हर अक्षरशः इंजिनावर बसतो. त्यात पत्रा पातळ, दारांचे रबर झिजलेले आणि सरकत्या दाराचा खडखडाट वेगळाच. अशा गाडीत गाणे ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो. इथेच हिशेब चुकतो.

हा हिशेब नीट पाहा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. स्पीकरचा आवाज फक्त ३ डेसिबलने वाढवायचा, तर अँप्लिफायरची ताकद दुप्पट लागते. १० डेसिबलने वाढवायचा, तर दसपट! उलट, गाडीचा गोंगाट ३ डेसिबलने कमी केला, तर दुप्पट ताकदीचा अँप्लिफायर घेतल्याइतकेच गाणे वर उठते. तेही कानावर जादा मारा न होता.

कानाचा हिशेबही असाच आहे. ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तासांपर्यंत सोसावा, असे तज्ज्ञ धरतात. ८८ झाला की ४ तास आणि ९१ झाला की फक्त २ तास. आतल्या कानातील ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. दिवसभर गाडी चालवून पोट भरणाऱ्या माणसाला आणि मागच्या सीटवर झोपलेल्या लेकराला हा धोका सर्वांत जास्त.

पहिले काम : दुरुस्ती

या कामाला पैसा कमी आणि गुण जास्त. दारांचे रबर बीडिंग बदला. सरकत्या दाराची पट्टी साफ करून घ्या, रोलर झिजले असतील तर नवे टाका. सैल स्क्रू आवळा. सीटखालच्या इंजिनाच्या झाकणाचे रबर फाटले असेल तर नवे लावा. सायलेन्सर फुटला असेल तर आधी तो बदला. फुटक्या सायलेन्सरचा विषारी धूर आत शिरला तर तो जिवावर बेततो. तळाचा पत्रा गंजला आहे का, तेही पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. सडलेल्या गाडीवर स्पीकरचा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

दुसरे काम : पत्र्याचे डॅम्पिंग

पत्रा थरथरतो आणि ढोलासारखा वाजतो. त्यावर आतून बुटाइल रबराचे, वर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेले शीट चिकटवतात. ते सुमारे २ मिलिमीटर जाडीचे असते. सगळा पत्रा मढवण्याची गरज नाही. प्रत्येक मोठ्या सपाट भागाचा मधला पाव हिस्सा झाकला तरी थरथर बरीच थांबते. पत्र्यावर बोटाने टकटक करून पाहा. 'टण्ण' ऐवजी 'ठप्प' वाजले की काम झाले.

पत्रा आधी स्पिरिटने पुसून कोरडा करावा आणि शीट रोलरने दाबून बसवावे. छतावर गळतीसाठी मारतात ते डांबरी शीट स्वस्त मिळते, पण उन्हात ते पाघळते आणि वास मारते. थर्माकोल व गादीचा फोम तर नकोच, कारण दोन्ही चटकन पेट घेतात आणि फोम पाणी धरतो. इंजिनाजवळ फक्त उष्णता सोसणारेच शीट वापरावे. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती बुजवली तर एका पावसाळ्यात दार सडेल.

तिसरे काम : स्पीकर

डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या 'पीक' वॅटच्या आकड्याला भुलू नका. 'आरएमएस' या नावापुढचा आकडा खरा, कारण तेवढी ताकद स्पीकर सतत पेलतो. घरच्या गाडीला पुढे एक चांगली जोडी पुष्कळ झाली. विकत घेण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून दारातली खोली मोजा, नाहीतर काच चुंबकावर आदळेल. स्पीकर थेट पातळ पत्र्यावर आवळू नये. मधे वॉटरप्रूफ प्लायवूडची रिंग रंग लावून बसवावी. दोन्ही स्पीकरच्या प्लस-मायनस तारा सारख्याच जोडाव्यात. एकीकडे उलट झाले तर एक कागद पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो आणि जाड आवाज मरतो. शंका असल्यास दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. सेलचे प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कागद बाहेर उसळतो.

वायरिंगमध्ये काटकसर नको

अँप्लिफायर लावायचा असेल तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर घ्यावी आणि बॅटरीच्या एक-दीड फुटाच्या आत फ्यूज लावावा. हा फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. १२ व्होल्टच्या गाडीत २४० वॅटला २० अँपिअर करंट लागतो. एवढा करंट बारीक वायरमधून ओढला की ती तापते, वितळते आणि पेटते. वारंवार फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे किंवा सिगारेटची चांदी गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण! पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवेच. तळाला स्क्रू मारण्याआधी खाली पेट्रोलची टाकी किंवा नळी नाही ना, हे वाकून बघा.

काम संपल्यावर एक साधी परीक्षा घ्या. गाडी नेहमीच्या वेगात असताना नेहमी ऐकता तेवढ्या आवाजात गाणे लावा. शेजारच्याशी बोलताना ओरडावे लागले, तर आवाज कानाला घातक आहे असे समजा. मागे बसलेल्या मुलाने साध्या आवाजात मारलेली हाक पुढे ऐकू आली पाहिजे. पाठीमागून येणाऱ्या अॅम्ब्युलन्सचा भोंगाही ऐकू आला पाहिजे. एवढे साधले, तर तुमच्या गाडीतली सिस्टीम चांगली.