नांगरणीच्या रजेवर आलेला शिपाई



सातारा-रत्नागिरीकडील काही गावांत चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एक लहानशी पाटी बसवलेली असते. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर कोरलेला असतो. खताची आणि बियाण्यांची पत्रके वाटत मी तीस वर्षे गावोगाव हिंडलो. अशा पाटीखाली सतरंजी टाकून सभाही घेतल्या. पण त्या आकड्यामागे कोणाचे घर होते, कोणाची औते उभी राहिली, हे विचारण्याचे कधी सुचले नाही.

ते सुचले ते एका परक्या मुलखाची हकीकत वाचल्यावर. तो मुलूख म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला वेल्स. डोंगर, धुके, बारा महिने पाऊस आणि माणसांपेक्षा मेंढरे जास्त. भाषा इंग्रजीहून निराळी, स्वतःची. तिथल्या रॉयल वेल्च फ्युजिलिअर्स या जुन्या पायदळाच्या रेजिमेंटने पहिल्या महायुद्धात चाळीसहून अधिक पलटणी उभ्या केल्या. त्या पलटणींची आणि त्यांतल्या एका मेंढपाळाच्या पोराची ही गोष्ट आहे.

रेजिमेंट एक, पलटणी अनेक

पहिल्यांदा एक गोष्ट ध्यानात घ्या. रेजिमेंट हे घराण्याचे नाव, तर पलटण म्हणजे त्या घराण्याचे एक बिऱ्हाड. पूर्ण भरलेल्या पलटणीत सुमारे हजार माणसे असत. लढाईवर जाई ती पलटण. एकाच रेजिमेंटच्या दोन पलटणी हजारो मैलांच्या अंतरावर लढत आणि युद्ध संपेपर्यंत एकमेकींचे तोंड पाहत नसत.

युद्धापूर्वी या रेजिमेंटच्या पहिल्या दोन पलटणी कायम फौजेच्या होत्या. तिसरी भरतीची व शिकवणीची होती. चौथी ते सातवी या घरच्या पलटणी. त्यांतली माणसे एरवी आपापला धंदा, शेती, खाणकाम करीत. संध्याकाळी कवायत, वर्षातून काही दिवस छावणी, असा त्यांचा नेम होता. उत्तर वेल्सचे जिल्हे त्यांनी आपसांत वाटून घेतले होते. आठवीपासून पुढच्या बहुतेक पलटणी मात्र युद्ध पेटल्यावर, नव्या भरतीतून उभ्या राहिल्या.

आता या बिऱ्हाडांची पांगापांग पाहा. पहिली व दुसरी पलटण १९१४ सालीच फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत गेली. पाचवी, सहावी व सातवी ऑगस्ट १९१५ मध्ये तुर्कस्थानच्या किनाऱ्यावर सुव्हला येथे उतरली आणि तेथून इजिप्तमार्गे मार्च १९१७ मध्ये गाझाच्या लढाईत सापडली. तेरावी ते सतरावी या पाच पलटणी ३८ व्या वेल्श डिव्हिजनमध्ये होत्या. जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधील मामेत्झच्या रानात त्यांना घातले गेले. ते रान घ्यायला आठवडा लागला आणि त्या एका डिव्हिजनची सुमारे चार हजार माणसे मेली, जखमी झाली किंवा नाहीशी झाली.

आठव्या पलटणीचा तर आपल्याशीही संबंध आला. इराकमध्ये कूत या गावी आपल्या सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी डिसेंबर १९१५ पासून वेढा घातला होता. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. आत दाणापाणी संपत आले होते. वेढा फोडण्यासाठी एप्रिल १९१६ मध्ये जी फौज चिखलातून पुढे सरकत होती, तिच्यात वेल्सची ही आठवी पलटण होती. तिचे प्रयत्न तोकडे पडले. १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. आपली माणसे कैदेत गेली, त्यांतली कितीतरी परत आली नाहीत. तेव्हा आपल्या चावडीवरच्या आकड्यातील एखाद्या माणसाला सोडवण्यासाठी वेल्सच्या डोंगरातील एखादा पोर त्या नदीकाठी पडला असेल, हे अगदी शक्य आहे.

बोकड आणि पात

या रेजिमेंटच्या दोन चाली आपल्या घरातील मुलांना सांगण्याजोग्या आहेत. एक म्हणजे पलटणीपुढे चालणारा बोकड. १८४४ पासून राणीच्या कळपातला काश्मिरी जातीचा बोकड या रेजिमेंटला नजर केला जाऊ लागला. त्याची निगा राखणाऱ्या शिपायाला ‘गोट मेजर’ म्हणतात. दुसरी चाल १ मार्चची. त्या दिवशी वेल्सच्या संताचा सण असतो. आपल्या कांद्याच्या पातीसारखी जाड दांड्याची ‘लीक’ नावाची भाजी तिकडे होते. नव्या शिपायाने त्या दिवशी ती कच्ची चावून खायची, शेजारी ढोल वाजत असतो. फौजेत गेले तरी गोठा आणि वाफा सुटला नाही, असे मला हे वाचताना वाटले.

घरातला एक द्या

आता त्या पोराची गोष्ट. त्याचे नाव एलिस हम्फ्री इव्हान्स. जन्म १३ जानेवारी १८८७. उत्तर वेल्समधील ट्रॉसव्हिनिद गावाजवळ अर अस्गुर्न नावाचे त्यांचे शेत होते. जमीन १६८ एकर. आकडा ऐकून बागायतदार समजू नका. सगळी डोंगरउताराची, मेंढ्या चारण्याची जमीन. अकरा भावंडांत हा थोरला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि मेंढरामागे डोंगर तुडवणे सुरू झाले. पण पोराला कवितेचे वेड होते. मेंढरे चरत असताना हा ओळी जुळवायचा. तिकडे गावोगाव कवितेच्या चढाओढी भरतात आणि विजेत्याला लाकडी खुर्ची बक्षीस मिळते. अशा खुर्च्या त्याच्या घरात जमत गेल्या. त्याने कवी म्हणून ‘हेद विन’ हे नाव घेतले होते.

युद्ध सुरू झाले तेव्हा तो आपणहून भरती झाला नाही. त्याला लढाईची हौस नव्हती. पण जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. शेती चालावी म्हणून शेतावरच्या काही माणसांना सूट मिळे, पण सगळ्या मुलग्यांना मिळत नसे. या घरातून एकाला जावेच लागणार होते. धाकटा रॉबर्ट भरतीच्या वयात येऊ घातला होता. मग एकोणतीस वर्षांच्या थोरल्याने ठरवले, धाकटा घरी राहू दे, मी जातो.

शेतकरी मंडळींनो, हा प्रसंग मी दोनदा वाचला. आपल्याकडेही घरातल्या एकाने नोकरीवर जायचे, एकाने औत धरायचे, ही वाटणी थोरल्याच्या शब्दाने होते. कोणी लिहून ठेवत नाही, पण त्या शब्दावर घर चालते.

सरकारला नांगर आठवला

१९१७ च्या सुरुवातीला एलिस लिव्हरपूलजवळ लिदरलंडच्या छावणीत बंदूक शिकत होता. त्याच सुमारास जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनकडे येणारी जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला. ब्रिटन त्या काळी आपल्या गव्हाचा बहुतेक वाटा बाहेरून आणीत असे. जहाजे बुडू लागताच सरकारला स्वतःच्या जमिनीची आठवण झाली. कुरणे मोडा, नांगरून काढा, धान्य पेरा, असा हुकूम सुटला. पण नांगर धरायचा कोणी? नांगरे खंदकात आणि घोडेही फौजेने नेलेले. मग मार्च १९१७ मध्ये शेती जाणणारे कितीतरी शिपाई नांगरणीसाठी तात्पुरते घरी सोडण्यात आले.

एलिसला सात आठवड्यांची रजा मिळाली. दिवसा शेत आणि सवड मिळेल तेव्हा कविता, असे दिवस गेले. देशातल्या सर्वांत मोठ्या चढाओढीसाठी तो ‘वीर’ या विषयावर दीर्घ कविता लिहीत होता. त्याच्या घरच्यांनी पुढे सांगितले की कविता पुरी होईना म्हणून रजेहून काही दिवस जास्त झाले, आणि फौजेचे पोलीस त्याला न्यायला आले तेव्हा तो गवताच्या कापणीत होता. घाईत कवितेचे कागद घरीच राहिले. वाटेत आणि छावणीत त्याने ती आठवून पुन्हा लिहिली आणि जुलैमध्ये फ्रान्समधून टोपणनावाने पाठवून दिली.

त्याला घातले पंधराव्या पलटणीत. ही पलटण मुळात लंडनमध्ये राहणाऱ्या वेल्श लोकांची. त्या शहरात वेल्सची बरीच मंडळी दुधाचा धंदा आणि कापडाची दुकाने चालवीत असत, कारकुनी करीत. मामेत्झसारख्या लढायांत पलटणी रोडावल्या की जागा भरायला मिळेल तिथून माणसे पाठवीत. असा डोंगरातला मेंढपाळ लंडनच्या पलटणीत गेला.

३१ जुलै

३१ जुलै १९१७ रोजी, पहाटे उजाडण्यापूर्वी, बेल्जियममधील ईप्र शहराजवळ पिल्केमच्या चढावर ३८ व्या डिव्हिजनने हल्ला केला. पंधरावी पलटण त्यात होती. जागा हाती आली, पण माणसे फार पडली. दुपारनंतर पाऊस धरला आणि तोफांनी चाळलेल्या त्या जमिनीचा राबडा झाला. तो पाऊस पडायच्या आधीच, सकाळी, एलिसला तोफगोळ्याचा तुकडा लागला आणि मलमपट्टीच्या ठाण्यावर त्याने प्राण सोडला. वय तीस. त्याच दिवशी, त्याच आघाडीवर आयर्लंडचा फ्रान्सिस लेजविज हाही कवी पडला. तोही शेतावर आणि रस्त्यावर मजुरी केलेला गडी. दोघे आज एकाच स्मशानभूमीत आहेत.

सुमारे पाच आठवड्यांनी, ६ सप्टेंबर १९१७ रोजी, बर्कनहेड येथे तो कवितेचा मोठा मेळा भरला. पंतप्रधान लॉइड जॉर्ज, जे स्वतः वेल्श होते, मंचावर होते. पहिल्या आलेल्या कवीच्या टोपणनावाचा तीनदा पुकारा झाला. सभेतून कोणी उठले नाही. मग सांगण्यात आले की हा कवी लढाईत पडला आहे. खुर्चीवर काळे कापड घालण्यात आले. बेल्जियमहून आश्रयाला आलेल्या एका कारागिराने ती नक्षीदार खुर्ची घडवली होती. ज्या देशाच्या मातीत कवी पडला, त्याच देशाच्या सुताराच्या हातची ही खुर्ची त्या डोंगरातल्या घरी काळ्या कापडासह गेली. वेल्समध्ये तिला आजही ‘काळी खुर्ची’ म्हणतात.

१९२३ मध्ये गावात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्याचे अनावरण त्याच्या आईने केले. पुतळ्याच्या अंगावर शिपायाचा गणवेश नाही. मेंढपाळाचे कपडे आहेत.

आकड्यामागचे नाव

त्या युद्धात या एका रेजिमेंटची सुमारे दहा हजार माणसे मेली. १ मार्च २००६ रोजी ही रेजिमेंट दुसऱ्या वेल्श रेजिमेंटबरोबर एक होऊन ‘रॉयल वेल्श’ झाली. जुने नाव गेले, बोकड राहिला.

फौजेच्या वहीत पलटणीचा हिशेब सोपा असतो. इतके पडले, इतके नवे आले, पलटण पुन्हा उभी. शेताचा हिशेब तसा होत नाही. कोणत्या वळणावर पाणी साचते, कोणती मेंढी विताना अडते, कोणत्या खाचरात बी उशिरा टाकायचे, हे ज्याला माहीत होते तो गेला की त्याच्या जागी बदली माणूस येत नाही. १९१७ मध्ये सरकारला हे काही आठवड्यांपुरते समजले होते, म्हणून तर त्याने शिपाई नांगरावर परत पाठवले. नांगरणी झाली आणि ते पुन्हा विसरले.

ट्रॉसव्हिनिदचे ते घर मात्र विसरले नाही. येईल त्याला दार उघडे ठेवायचे, ही आईची इच्छा कुटुंबाच्या पुढच्या पिढीनेही पाळली. गोठा सांभाळत, मेंढरे राखत, आलेल्याला ते खुर्ची दाखवत राहिले. २०१२ मध्ये ते शेत तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या संस्थेने विकत घेतले आणि घर होते तसे जपले.

आता माझी एक विनंती. तुमच्या गावात तशी पाटी असेल तर तिच्यावरची धूळ पुसा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोणाचा आजा, कोणाचा पणजा गेला होता. घरातल्या ट्रंकेत पेन्शनीचा जुना कागद, एखादे पदक सापडेल. पाहुण्यांकडे, माहेरी गेलेल्या लेकीबाळींना विचारा. कित्येक नावे बायकांच्याच ध्यानात असतात. मिळतील ती नावे, पलटणीचा क्रमांक आणि त्याची जमीन कोणती होती हे एका वहीत लिहून ती वही शाळेत ठेवा. आणि मागे राहून औत ज्याने धरले त्या भावाचे नावही शेजारी लिहायला विसरू नका.

पाटीवर आकडा कोरायचे काम सरकारने केले. नावे लिहायचे काम आपले आहे, आणि सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.