काट्याला बाई-गडी कळत नाही

दिवाळीच्या आगेमागे यवतमाळकडच्या एखाद्या वावरात संध्याकाळी जा. निंबाच्या फांदीला काटा टांगलेला असतो. बाया आपापली गाठोडी घेऊन टेकलेल्या असतात आणि कुणीतरी वहीत आकडे मांडत असतो: ३८, ४२, ३१.

हा आकडा जरा फोडून पाहा. पऱ्हाटीच्या एका चांगल्या फुटलेल्या बोंडातून साधारण चार ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे किलोला अडीचशे बोंडं. ४० किलो वेचणारी बाई दिवसभरात १०,००० बोंडं रिकामी करते! तीही डोळे मिटून नाही. एकाच झाडावर फुटलेलं, अर्धवट आणि हिरवं बोंड शेजारी शेजारी असतं. म्हणूनच एका पिकाचे तीन-चार वेचे करावे लागतात. कुठलं आज घ्यायचं आणि कुठलं पुढच्या वेच्याला ठेवायचं हे बोटं ठरवतात, वर कापसाला वाळला पाला चिकटू द्यायचा नाही.

आता मजुरीची गंमत. निंदणाला बाईची रोजी एक, डवरणी-फवारणीला गड्याची दुसरी, आणि दुसरी नेहमीच जास्त. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: पद्धत आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण पद्धत त्याच्याहून जुनी. वेचणी आली की मात्र मजुरी रोजावर राहत नाही, किलोवर येते. काट्याला बाई-गडी कळत नाही, सासू-सुनाही कळत नाहीत. त्याला फक्त वजन कळतं.

दुसरी गोष्ट वेळेची. घरचं आटोपून कुणी नऊला येते, कुणी दहाला. ओला कापूस वेचून चालत नाही, दव उडायची वाट पाहावीच लागते, त्यामुळे उशिरा येणारीचं फार बुडतही नाही. लेकरासाठी दुपारी घरी गेलेलीला अर्ध्या वजनाचे अर्धे पैसे मिळतात, त्याहून कमी नाही.

हे शेवटचं वाक्य वाटतं तेवढं साधं नाही. क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकी अर्थतज्ज्ञ बाईंना २०२३चं नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा माग काढल्याबद्दल. त्यांचं म्हणणं असं, की बड्या वकिली किंवा वित्तसंस्थांमधल्या नोकऱ्यांत दुप्पट तास देणाऱ्याला दुपटीहून जास्त मिळतं आणि मूल झाल्यावर बाई मागे पडते ती तिथे. उलट औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टला तासाच्या हिशोबात पगार मिळतो, म्हणून तिथली दरी कमी. हार्वर्डमधल्या या हिशोबाला आपल्या वावरातला काटा आधीपासून साक्षीला आहे.

सरकारनेही हा काटा वापरून पाहिला. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली. १९७७ साली तिचा कायदा झाला. दाम खोदलेल्या मातीच्या मापावर, बाईला आणि गड्याला दर एकच. काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत.

पण काट्याचे गोडवे गाताना एक मेख लपवता येणार नाही. वेचणीत समान दर खरा, पण तिथे गडी असतात किती? जास्त रोजीची कामं त्यांनी आधीच आपल्याकडे ठेवली आहेत. शिवाय काटा पाठीची कळ मोजत नाही, आणि पाचव्या महिन्यातल्या पोटवालीला वजनात सूट देत नाही.

सूट मागायची ती बायांनीच, आणि त्या मागतात. फरदडीला, म्हणजे हंगाम सरल्यावरही ठेवलेल्या पऱ्हाटीला, बोंडं बारीक आणि विरळ होतात, किलो भरता भरत नाही. अशा वेळी जुन्या दराने कोणी वाकत नाही. धुऱ्यावर सगळ्या थांबतात, एक जाणती बोलणी करते, आणि भाव ठरेपर्यंत फडकं कुणाच्या कमरेला बांधलं जात नाही. मालक घड्याळ पाहतो. बाया पऱ्हाटीकडे पाहतात. तसंही दव उडायला अजून वेळ असतो.